धुतलेली लेदर सीट आठवड्यात पुन्हा चिकट आणि काळी का पडते? सोलापूरच्या उन्हाधुळीत क्रमाने करायच्या तपासण्या

सोलापुरात गाड्यांच्या सीटचं काम करताना सगळ्यात जास्त कानावर पडणारी तक्रार एकच: "परवाच धुतली ओ सीट, परत काळी पडली." गाडी वॉशिंग सेंटरवरून चकाचक होऊन येते. आठवडा जात नाही तोवर ड्रायव्हर सीटची बाजू काळवंडते आणि दुपारी बसून उठताना पाठ सीटला चिकटते. मग मालक आणखी कडक साबण शोधतो, त्यावर आणखी पॉलिश मारतो, आणि पुढच्या वेळी सीट आणखी लवकर मळते.

वारंवार मळणाऱ्या सीटमध्ये बहुतेक वेळा दोष लेदरचा नसतो. दोष असतो लेदरवर राहून गेलेल्या थराचा. न पुसलेला साबण, चकाकीचं पॉलिश, डोक्याचं तेल, घाम, आणि या सगळ्याला चिकटलेली धूळ. हा थर उतरवत नाही तोवर वरून काहीही लावलं तरी ते थरावरच बसतं. त्यामुळे खाली जे क्रमाने सांगतोय त्यात "काय लावायचं" हे बरंच शेवटी येतं.

आधी लक्षणं बघा

सीट आरशासारखी चमकते, ऊन लागलं की बोटाला किंचित ओढ लागते आणि फडकं फिरवलं तर ते काळं निघतं. ही थराची खूण, आणि ही तक्रार घरच्या घरी सुटते. चांगल्या स्थितीतली लेदर सीट मुळात चमकत नाही, ती मंद दिसते. चकाकी म्हणजे स्वच्छता हा समज डोक्यातून काढून टाका, अर्धं काम तिथेच होतं.

पांढरट कडांचे गोल डाग दिसत असतील तर ते पाण्यातल्या क्षारांचे. फिकट सीटवर मांडीच्या जागी निळसर झाक असेल तर तो जीन्सचा रंग. पिवळे-केशरी ठिपके हळदीचे. तुळजापूर, अक्कलकोट, बाळ्याचा खंडोबा असं देवदर्शन करून आलेल्या गाडीत ते हमखास सापडतात.

बारीक रेषा दिसल्या तर त्यावरून नख हलकेच फिरवा. नख अडकत नसेल तर ती नुसती सुरकुती आहे. अडकत असेल तर वरचा रंगाचा थर फुटलाय. आणि पातळ पापुद्रे निघून खालचं कापड दिसायला लागलं असेल तर ते मळण्याचं प्रकरणच नाही. त्या सीटवर क्लिनर लावूच नका, थेट शेवटच्या भागात या.

पहिली तपासणी: पांढरं फडकं

खर्च शून्य. जुन्या पांढऱ्या सुती बनियनचा तुकडा घ्या, कोरडाच. सीटच्या सगळ्यात काळ्या भागावर दाबून आठ-दहा वेळा घासा. मग तोच तुकडा किंचित ओला करून शेजारच्या जागी घासा.

कोरड्या फडक्यावर राखाडी धूळ आली आणि सीट उजळली, तर फक्त धूळ आहे. ओल्या फडक्यावर काळपट तेलकट डाग उमटला तर थर आहे, पुढे वाचा. फडक्यावर सीटचाच रंग आला, म्हणजे तपकिरी सीट आणि फडकंही तपकिरी, तर तिथेच हात थांबवा. कोणीतरी आधी रंग मारलाय आणि तो धरलेला नाही, किंवा कडक रसायनाने मूळ रंगाचं कवच गेलंय. अशा सीटवर जितकं घासाल तितकी ती उघडी पडेल.

ही चाचणी पहिली करायची ती एवढ्यासाठी की बरेच लोक रंग निघत असतानाही "केवढा मळ निघाला!" म्हणून आनंदाने घासत राहतात.

दुसरी: खरं लेदर की रेक्झिन

"गाडीत लेदर सीट आहेत" असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांच्या सीटवर रेक्झिन असतं. त्यात वाईट काही नाही, पण उपाय बदलतो. काही गाड्यांमध्ये तर बसायचा मधला भाग खऱ्या लेदरचा आणि बाजू, पाठीमागचा भाग रेक्झिनचा असतो. त्यामुळे एकाच सीटवर दोन भाग वेगवेगळे म्हातारे होतात.

ओळखायची सोपी जागा म्हणजे कव्हरची आतली बाजू. सीटच्या खालून किंवा पाठीमागून कव्हरची कड दुमडलेली दिसते. आतून विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन, लवदार तंतू दिसले तर लेदर. कड दिसत नसेल तर ओढाओढ करू नका, गाडीच्या पुस्तिकेत बघा. पाण्याचा थेंब टाकून ओळखायची युक्ती बरेच जण सांगतात, पण गाड्यांच्या खऱ्या लेदरवरही रंगाचं आणि त्यावर पारदर्शक कोटिंग असतं. थेंब तिथेही तसाच उभा राहतो.

थेंबाचा उपयोग दुसरा आहे. कोटिंग शाबूत आहे का ते त्यातून कळतं. एकच थेंब, दोन मिनिटं. जागा गडद झाली तर कोटिंग फुटलंय आणि पाणी आत जातंय. त्या भागावर इथून पुढे ओलं काम जवळपास नको.

तिसरी: पाणी कुठलं वापरता

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे गाडी धुवायला बोअरचं किंवा टँकरचं. गाडीच्या पत्र्यावर वाळल्यावर जे पांढरे ठिपके दिसतात तेच सीटवरही बसतात, फक्त काळ्या सीटवर दिसतात आणि फिकट सीटवर दिसत नाहीत. क्षार शिलाईत आणि बारीक भोकांमध्ये साठतात, सीट खरखरीत होते, आणि खरखरीत जागा मळ लवकर धरते. शिवाय जड पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, साका तयार होतो, आणि तो साकाही सीटवरच राहतो.

उपाय अगदी स्वस्त आहे. पूर्ण गाडीच्या सीटना लिटरभर पाणी पुरतं. घरच्या आरओचं वापरा, नाहीतर बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. आणताना बाटलीवरचं नाव नीट वाचा, बॅटरीचं पाणी आणि बॅटरीचं अॅसिड एकाच दुकानात मिळतं.

चौथी: धूळ आधी, ओलं नंतर

इथली धूळ बारीक असते आणि तिच्यात खडीचा अंश असतो. हायवेला किंवा एमआयडीसीकडे रोज जाणाऱ्या गाडीत ती शिलाईच्या खाचेत गच्च बसते. त्यावर ओलं फडकं फिरवलं की ते पॉलिश पेपरचं काम करतं. कोटिंगवर सूक्ष्म ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्या ओरखड्यांत बसतो. "धुतल्यावर लवकर मळते" याचं हे दुसरं मोठं कारण.

व्हॅक्यूमला मऊ ब्रश लावून आधी शिलाया, मग सीट आणि पाठ यांच्यामधली फट, शेवटी सपाट भाग. व्हॅक्यूम नसेल तर रंगाचा नवा कोरडा दोन इंची ब्रश चालतो. हळद, कुंकू, भंडारा सांडला असेल तर ही पायरी सोडूच नका, कोरडं जितकं निघेल तितकं काढा.

पाचवी: थर उतरवणं

मुख्य काम हे, आणि इथे घाई करणारा माणूस पुढच्या आठवड्यात परत तिथेच येतो.

वेळ सकाळची, गाडी सावलीत, काचा खाली. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे असताना दुपारी हे काम करायला बसू नका. तापलेल्या सीटवर क्लिनर पुसायच्या आतच वाळतो, आणि वाळलेला क्लिनर म्हणजे नवा थर. मळ सुटतो पण उचलला जात नाही, तिथेच पसरून वाळतो.

लेदरचा क्लिनर तीन-चारशे रुपयांपासून मिळतो. बाटलीवर "पीएच न्यूट्रल", म्हणजे ना आम्लधर्मी ना क्षारीय, असं लिहिलेलं बघा. लेदर स्वभावाने किंचित आम्लधर्मी असतं आणि कपडे धुवायची पावडर चांगलीच क्षारीय, तिने मळ झटकन निघतो आणि कोटिंगही हळूहळू निघतं. क्लिनर हाताशी नसेल तर अर्धा लिटर आरओ पाण्यात लहान बाळाच्या शाम्पूचे चार-पाच थेंब घेऊन फेस करा. नेहमीसाठी नाही, पण निभावतं. रिठ्याच्या पाण्याबद्दल खूप जण विचारतात. ते सौम्य असतं, पण त्याला स्वतःचा तपकिरी रंग आहे. फिकट सीटवर नकोच.

आता पद्धत. तीन फडकी लागतील. मायक्रोफायबर असेल तर उत्तम, नाहीतर आपला सोलापुरी टर्किश टॉवेल कापून घ्या, पण पांढरा आणि दोन-चार धुण्यांतून गेलेला. नव्या रंगीत टॉवेलचा रंग सीटवर उतरतो. क्लिनर सीटवर मारायचा नाही, मऊ ब्रशवर किंवा पहिल्या फडक्यावर घ्यायचा. भोकं असलेल्या सीटवर तर अजिबात नाही, कारण भोकांतून पाणी थेट फोममध्ये जातं आणि मग कुबट वास येतो. एका वेळी एकच तळहाताएवढी जागा. ब्रश गोल गोल, वजन न देता, फेस पांढऱ्याचा करडा होईपर्यंत. फेस करडा झाला की लगेच दुसऱ्या फडक्याने एका दिशेने उचला. पुढेमागे घासलं तर मळ परत लेदरच्या दाण्यांत बसतो. मग तिसरं फडकं, आरओच्या पाण्यात बुडवून इतकं पिळलेलं की हाताला फक्त गार लागावं, त्याने साबणाचा अंश पुसा. हे तिसरं फडकं लोक गाळतात. सीट स्वच्छ दिसते, पण साबण वर राहतो, पहिल्या घामाने तो ओला होतो आणि धूळ धरायला लागतो.

हेडरेस्ट आणि स्टिअरिंगही त्याच दिवशी करा. डोक्याचं तेल हेडरेस्टवर आणि हातांचं तेल स्टिअरिंगवर राहिलं तर तेच फिरून सीटवर येतं.

सीट वाळली की परत पहिल्यासारखं पांढरं फडकं ओलं करून फिरवा. अजून तेलकट काळं येत असेल तर दुसऱ्या दिवशी हीच प्रक्रिया परत. पॉलिशचे जुने थर एका बैठकीत निघत नाहीत, आणि एकाच दिवशी जोर लावून काढायला गेलं तर कोटिंग जातं.

घरातल्या काही वस्तूंपासून सीट लांब ठेवा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर रंगाचं कोटिंग विरघळवतात. हँड सॅनिटायझर सतत लागला तर कोटिंग मऊ पडतं. ड्रायव्हरच्या दाराकडच्या कडेला नेमका रंग गेलेला दिसला की मी आधी सॅनिटायझरच्या बाटलीबद्दल विचारतो. पांढरा "मॅजिक" स्पंज हा मुळात बारीक घासणी आहे, तो मळाबरोबर चमडीही तासतो. खोबरेल तेल आणि व्हॅसलीन कोटिंगमधून आत जात नाहीत, वर राहून धूळ धरतात आणि तेलाला खवट वास येतो. बुटाचं पॉलिश लावलेल्या सीटवर पांढरा शर्ट घालून बसणाऱ्याला विचारा.

सहावी: डाग वेगळे, इलाज वेगळे

हळद. इथे साबणाची घाई केली की पिवळा डाग लालसर तपकिरी होतो आणि माणूस घाबरतो. शाळेत हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल झालेला आठवत असेल, तेच हे. कोरडी हळद व्हॅक्यूमने काढा, मग न्यूट्रल क्लिनरने टिपून घ्या. लालसर झालं असेल तरी तो रंग पक्का नसतो, साबणाचा अंश पुसला की परत पिवळ्यावर येतो. राहिलेली पिवळी झाक प्रकाशाने काही दिवसांत बरीच उडते. त्यासाठी गाडी उन्हात तापवायची गरज नाही, उजेड पुरतो.

शेंगा चटणीचं तेल. प्रवासात भाकरीबरोबर डबा उघडला की सीटवर एखादा तरी थेंब पडणारच. कोटिंग चांगलं असेल तर लगेच पुसलेला थेंब डाग ठेवत नाही. आत मुरलेला वाटला तर त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने झटका. भोकांच्या सीटवर पीठ टाकू नका, भोकं बुजतात.

जीन्सचा निळा रंग. ताजा असेल तर वरच्या पद्धतीने निघतो. लेदरवर तो बऱ्याचदा कोटिंगच्या वरच थांबलेला असतो. रेक्झिनमध्ये मात्र काही महिन्यांत तो आत उतरतो आणि मग कुठलाच क्लिनर त्याला बाहेर काढत नाही. दोन-तीन वेळा नीट प्रयत्न करून फरक पडला नाही तर थांबा. सीटवर गडद रंगाची चादर टाकून फिरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा. घाम आणि उष्णता मिळाली की चादरीचा रंगही असाच उतरतो. पांढरा सुती टॉवेल टाका आणि आठवड्याला धुवा.

सातवी: आता संरक्षण

स्वच्छ, पूर्ण वाळलेल्या सीटवरच. खऱ्या लेदरला पाण्यावर आधारित कंडिशनर किंवा प्रोटेक्टंट, रेक्झिनला रेक्झिनसाठीचा यूव्ही प्रोटेक्टंट. लेदरचं तेलकट कंडिशनर रेक्झिनवर लावण्यात अर्थ नाही, ते प्लास्टिक आहे, काही पीत नाही. लेदरलाही "खायला घालायचं" म्हणून बोटभर क्रीम थापू नका. कोटिंग असल्यामुळे आत फारसं जात नाही. फडक्यावर बदामाएवढं घ्या, पातळ पसरा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढा. हात फिरवल्यावर काहीच लावलेलं नाही असं वाटलं तर बरोबर लावलंय.

खरं संरक्षण मात्र बाटलीत नाही, सीटला उन्हापासून वाचवण्यात आहे. पुढची काच दोन थरांची असते आणि अतिनील किरण बरेचसे अडवते. बाजूच्या काचा सहसा तितक्या अडवत नाहीत, म्हणून दाराकडची कड आधी कडक पडते, त्यात उतरता-चढताना तिथेच घासतं. कोरड्या उष्णतेत लेदरमधला ओलावा जातो आणि रेक्झिनमधलं मऊपणा देणारं द्रव्य बाहेर येतं. काचेवर आतून जी धूसर चिकट झाक बसते ती बरीचशी हीच. पुढच्या काचेला चंदेरी पडदा, बाजूला काढ-घाल करता येणाऱ्या जाळ्या फक्त उभ्या गाडीला, आणि जमेल तिथे सावली. काळी फिल्म मारण्याआधी नियम बघा: पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत यायला हवा.

आठवड्याला कोरडं फडकं, दोन महिन्यांनी वरची पूर्ण सफाई. भाड्याच्या गाडीला महिन्याला. एवढं पुरतं. दर रविवारी क्लिनर मारणाऱ्यांच्या सीट लवकर झिजतात.

इथे थांबा आणि कारागिराला बोलवा

एअरबॅगची सीट. पुढच्या सीटच्या दाराकडच्या बाजूला "एअरबॅग" असं लिहिलेलं लेबल असेल तर तिथली शिलाई मुद्दाम ठरावीक ताकदीला फाटेल अशी घातलेली असते. ती उसवली तर घरी सुई-दोरा लावू नका, गोंद नको, साध्या कुशनवाल्याकडूनही शिवून घेऊ नका, आणि त्यावर घट्ट कव्हरही घालू नका. हे अधिकृत सर्व्हिस सेंटरचंच काम. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, सफाईसाठी ते कधीही काढायचे नाहीत. सफाईनंतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला तर गाडी दाखवून आणा. बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटखाली माणूस बसल्याचा सेन्सर असतो, तिथे पाणी गेलेलं असू शकतं.

हवा मारणाऱ्या किंवा गरम होणाऱ्या सीटमध्ये पाणी सांडलं तर ते बटण बंद ठेवा आणि वायरिंग बघणाऱ्याला दाखवा. फोम भिजून आठवडा झाला आणि वास जात नसेल तर कव्हर उतरवावं लागतं, अत्तराची बाटली टांगून ते सुटत नाही.

नख अडकणाऱ्या भेगा आणि उडालेला रंग खऱ्या लेदरवर भरून, रंगवून, वरून कोटिंग देऊन दुरुस्त होतात. हे काम येणारा माणूस आधी झाकलेल्या जागी रंग जुळवून दाखवतो. तसं न करता थेट स्प्रे काढणाऱ्याकडे गाडी सोडू नका. रेक्झिनचे पापुद्रे निघायला लागले तर त्यावर रंग टिकत नाही, मग कितीही गोड बोललं जावो. तिथे तेवढाच भाग बदलून मिळेल का ते विचारा. बऱ्याचदा फक्त बसायच्या भागाचा तुकडा बदलून भागतं आणि पूर्ण सेटचा खर्च वाचतो. गाडी वॉरंटीत असेल तर काहीही करण्याआधी उजेडात फोटो काढा आणि आधी शोरूमला दाखवा, उघडलेल्या सीटवर ते हात वर करू शकतात.

रंगकाम करून घेतलं तर कारागीर सांगेल तितका वेळ गाडी सावलीत, काचा बोटभर उघड्या ठेवून उभी करा. त्या वेळात सीटवर बसू नका, आणि जपायचं म्हणून टॉवेलही टाकू नका. न सुकलेल्या कोटिंगवर टॉवेलच्या दोऱ्यांचे ठसे उमटतात आणि काम परत करावं लागतं.